पाच नंबरचा ठोका

कानसेन जन्मला तेव्हा रडला नाही, दचकला, असं त्याची मोठी वहिनी सांगते. ती या घरात आली तेव्हा कानसेनला चांगलं मिसरूड फुटलेलं होतं, म्हणजे जन्माच्या वेळी ती हजर असण्याचा प्रश्नच नाही. तरी आजवर कुणी तिला खोटं पाडलेलं नाही. कानसेनला ज्यानं एकदा शिडीवर चढताना पाहिलंय, त्याला ही गोष्ट ताबडतोब पटते.

माणूस भित्रा. उगाच थोडाथोडका नव्हे, अगदी मनापासून भित्रा. न्हाव्याचा वस्तरा गळ्याशी आला की डोळे घट्ट मिटणार. कुकरची शिट्टी होणार हे ठाऊक असूनही शिट्टी झाली की जागच्या जागी उडणार. गल्लीतल्या कुत्र्याला 'अहो' म्हणायचं तेवढं बाकी ठेवलेलं. कारण साधं होतं. त्याला ऐकू फार यायचं. आपल्याला जे ऐकू येत नाही ते त्याला यायचं, आणि आपल्याला जे येतं ते त्याला दुप्पट यायचं. भिंतीतली वाळवीसुद्धा याला ऐकू येते, असं शेजारचा शिंपी चेष्टेनं म्हणाला, तर कानसेन म्हणाला, "वाळवी नाही हो, तुमच्या मशीनची सुई वाकलीये. ती ऐकू येते." शिंप्यानं सुई काढून उजेडात धरली. वाकली होती. त्या दिवसापासून याचं खरं नाव मागं पडलं आणि कानसेन हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

जिन्याखालच्या खोलीत त्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. खोली एवढी लहान, की गिऱ्हाईक आत आलं की कानसेननं श्वास आत ओढायचा. फळीवर उघड्या पोटाचे रेडिओ, तापलेल्या कथिलाचा वास, आणि मधोमध हा, कानाला एक जुना हेडफोन लावून. रेडिओ ऐकणारी माणसं म्हातारी होत गेली, रेडिओ कमी होत गेले, आणि कानसेन माश्या मारायलाही भ्यायचा म्हणून नुसता बसून राहायला लागला. तेव्हा एक दिवस डॉक्टरबाई आल्या.

या डॉक्टरबाई माणसांच्या नव्हेत. अस्वलांचा अभ्यास करणाऱ्या. गावामागच्या डोंगरात सहा अस्वलं पकडून, बेशुद्ध करून, गळ्यात पट्टे घालून त्यांनी परत सोडून दिली होती. प्रत्येक पट्ट्यात एक बारीक यंत्र. ते दिवसरात्र ठोके सोडत राहतं, टक्, टक्, टक्. आपण दूर रस्त्यावर उभं राहून माशाच्या काट्यासारखी दिसणारी अँटेना हातात धरायची, ठोके पकडणारा खोका खांद्याला लावायचा, आणि ठोका ज्या दिशेनं खणखणीत येईल त्या दिशेला अस्वल आहे असं समजायचं. बाईंचा तो खोका बिघडला होता. कानसेननं कानाला लावला आणि म्हणाला, "बिघडला नाहीये, तोतरा झालाय. आठव्या ठोक्याला अडखळतो." तासाभरात त्यानं तो नीट केला. बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"माझ्याकडे कामाला याल?"

"टेबलावरचं काम ना?"

"थोडं टेबलावरचं. थोडं ऐकण्याचं."

"ऐकीन," कानसेन म्हणाला. "बघणार नाही. बघायला लावायचं नाही, हे आत्ताच सांगतो."

बाई हसल्या. त्यांना वाटलं विनोद आहे.

तर असं हे कानसेनचं नोकरीत लागणं. दोन वर्षं तो रोज तीन ठिकाणांहून ऐकायचा: पुलावरून, पाण्याच्या टाकीच्या गच्चीवरून आणि दगडाच्या खाणीच्या कडेवरून. तिन्ही ठिकाणं डोंगरापासून लांब, तिन्ही ठिकाणांहून पळायला वाट मोकळी. ती त्यानंच निवडली होती. सहा अस्वलांचे ठोके त्याला आता सहा शेजाऱ्यांच्या पावलांसारखे ओळखू यायचे. एवढंच नव्हे, अस्वल बसलंय की हिंडतंय हेसुद्धा कळायचं. बसलेल्या अस्वलाचा ठोका एकसारखा येतो. हलणाऱ्या अस्वलाचा ठोका डोलतो, मोठा, बारीक, पुन्हा मोठा, कारण मान फिरली की पट्टाही फिरतो. हे डोलणं डॉक्टरबाईंनाही नेहमी उमगायचं नाही. कानसेनला उमगायचं. आणि डोलणं जरा जास्त झालं की दोन मैलांवरच्या पुलावर उभा असलेला कानसेन पळायच्या वाटेकडे तोंड करून उभा राहायचा.

सहांपैकी पाच नंबर ही मादी गावाला सगळ्यांत जवळची. विणकरांच्या टेकडीमागे एक घळ आहे, ओढ्याचं कोरडं पात्र, दोन्हीकडे कडे. तिथे तिचा मुक्काम. एकदा तिनं लाकूडतोड्याला विजेच्या खांबावर चढवलं होतं, आणि तो खांबावरून उतरेपर्यंत अर्धं गाव खाली जमून सल्ले देत होतं. तेव्हापासून घळीत कुणी पाऊल टाकेना. डॉक्टरबाईंना याचा आनंद. म्हणायच्या, दोन वर्षांत घळीत किती रोपं वर आली बघा, अस्वल फळं खातं आणि बिया टाकत हिंडतं, फुकटचा माळी आहे तो. कानसेनच्या बायकोला मात्र अजिबात आनंद नव्हता. ती टोपल्या विणायची. टोपलीला लागणारा लांब, चिवट, न मोडणारा वेल फक्त त्या घळीत. दोन वर्षं ती रस्त्याकडेचा वेल वापरत होती आणि तो वाकवताना कटाकटा मोडत होता. प्रत्येक मोडलेल्या वेलागणिक पाच नंबरचा उद्धार व्हायचा.

"काय म्हणते आज माझी सवत?" कानसेन घरी आला की पहिला प्रश्न हा.

"अगं, सवत काय म्हणतेस!"

"दोन वर्षं रोज तिचं ऐकता. माझं ऐकलंय का कधी दोन मिनिटं?"

कानसेन हातपाय धुवायला जायचा.

आता या कामात एक गोष्ट होती, आणि सगळी गडबड तिथूनच सुरू झाली. अस्वल सलग सहा तास जराही हललं नाही, तर पट्ट्याचा ठोका आपोआप बदलतो. टक्, टक् च्या जागी टकटकटकटक असा दुप्पट वेगानं येतो. याला बाईंच्या ऑफिसात सगळे 'मेल्याचा ठोका' म्हणायचे. कारण सहा तास निपचित पडून राहणारं अस्वल बहुतेक मेलेलंच असतं. बहुतेक. या 'बहुतेक'साठी बाईंनी नियम घालून दिला होता: मेल्याचा ठोका आला की दोन जागांहून तीन वेळा ऐकायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकायचा, आणि तोवर कुणाजवळ चकार शब्द काढायचा नाही. "घरीसुद्धा नाही," बाई म्हणाल्या होत्या. एकदा त्या कानसेनच्या घरी आल्या होत्या, त्याच्या बायकोशी अर्धा तास बोलल्या होत्या, आणि त्यानंतरच त्यांनी हे 'घरीसुद्धा' जोडलं होतं.

थंडीचे दिवस. दुपारचे चार. कानसेन पुलावर उभा राहिला, अँटेना फिरवली, आणि पाच नंबर आली ती टकटकटकटक करत.

त्यानं खोका हलवून पाहिला, वायर काढून घातली, दुसऱ्या अस्वलावर लावून पाहिला. दुसरं अस्वल निवांत टक्, टक् करत होतं. पुन्हा पाच नंबर. टकटकटकटक. आणि एकसारखा, जरा म्हणून डोलत नव्हता.

पहिल्यांदा त्याला काय वाटलं असेल? दुःख? नाही. सुटलो, असं वाटलं. दोन वर्षं छातीवर बसलेलं धूड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं, तसं. आणि त्यापाठोपाठ अशी शरम वाटली, की तो पुलाच्या कठड्याला धरून उभा राहिला. जिचं पाऊल अन् पाऊल ऐकलं, तिच्या मरण्यानं आपल्याला हायसं वाटतंय? कसला माणूस आहोत आपण?

हा चेहरा घेऊन तो घरी गेला. असा चेहरा बायकोसमोर नेणं म्हणजे उघडी चिठ्ठी हातात देणं.

"काय झालं?"

"कुठे काय?"

"जेवताना घास कानाशी नेताय तुम्ही. काय झालं?"

कानसेननं पाच मिनिटं दम धरला. त्याच्या हिशेबी तो विक्रमच होता. मग त्यानं ताटाच्या कडेवर बोटानं वाजवून दाखवलं. "हा असा, टक्, टक्, हा जिवंत. आणि हा असा, टकटकटकटक, हा मेल्याचा. आज पाच नंबर अशी आली."

बायकोचा हात पातेल्यावर थांबला. "म्हणजे गेली?"

"बहुतेक. अगं पण कुणाला बोलू नकोस. नियम आहे."

"मी कशाला बोलू? मला काय उद्योग नाहीत?"

तिनं शब्द पाळला, असंच म्हणावं लागेल. तिनं एकट्या जावेला सांगितलं. आता जाऊ म्हणजे आपली मोठी वहिनी, भिंतीपलीकडे राहणारी. वहिनीला ऐकू कमी येतं, त्याची भरपाई ती बोलून करते. तिला काही गुपित सांगायचं तर खिडकीतून ओरडूनच सांगावं लागतं. त्यामुळे दिवेलागणीपर्यंत ते शिंप्याला कळलं, न्हाव्याला कळलं, आणि न्हाव्याला कळल्यावर उरलेल्या गावाला कळायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला कानसेन पाण्याच्या टाकीच्या गच्चीवर चढला. शिडी तो नेहमीप्रमाणे डोळे अर्धे मिटून चढला. अँटेना लावली. पाच नंबर.

टक्. टक्. टक्.

त्यानं हेडफोन काढला, कान चोळले, पुन्हा लावला. टक्. टक्. सावकाश. आणि मधूनच डोलणं, झोपेत कुणी कूस बदलावी इतकं हलकं. मेलेलं अस्वल मान हलवत नाही. मान हलली म्हणूनच पट्ट्यानं ठोका पुन्हा जिवंत केला होता. पाच नंबर मेली नव्हती. काल सहा तास कुशीवर पडून होती, एवढंच.

त्यानं डॉक्टरबाईंना फोन लावला. बाई दूरच्या शहरात सभेला गेल्या होत्या.

"सावकाश ठोका? आणि जागा तीच?"

"तीच. काल होती तिथेच. फूटभरही हलली नाही."

बाईंचा आवाजच बदलला. "कानसेन, ती व्यालीये. आपल्याकडच्या थंडीत अस्वलं झोपून राहत नाहीत, पण बाळंतीण बसते. पिल्लं उंदराएवढी असतात हो, आंधळी. आई त्यांना पोटाशी धरून तासन् तास हलत नाही, खात नाही, पीत नाही. अहो, हे तर... हे फार छान झालं!" आणि मग, जरा थांबून: "तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत ना, मेली म्हणून?"

"छे छे."

"नक्की?"

"म्हणजे... फक्त घरी."

फोनमध्ये नुसती खरखर. ती खरखर कानसेनला आयुष्यात ऐकलेल्या सगळ्या आवाजांपेक्षा भयंकर वाटली.

"ऐका," बाई म्हणाल्या. "त्या घळीत आज कुणीही जाता कामा नये. पिल्लांवर बसलेली अस्वलीण माणूस मागे लागला म्हणून पळून जात नाही. ती अंगावर येते. वनरक्षकाला गाठा. मी निघते, तीन तासांत पोचते."

वनरक्षक दाढ काढायला तालुक्याला गेला होता. त्याच्या बायकोनं दारातूनच सांगितलं. कानसेन घराकडे धावला. दाराला कडी. आतल्या खिळ्यावर विळा नाही. दोरीचं वेटोळं नाही. बायकोचे जाड बूट नाहीत. शिंपी आपल्या दारात बसून गुंडी लावत होता.

"काय कानसेन! अभिनंदन! सुटलो म्हणे एकदाचे."

"ही कुठे गेली?"

"दोघी गेल्या की घळीत, वेल आणायला. तासभर झाला. तुमच्या वहिनी तर काय खूश! जाताना सगळ्या गल्लीला ऐकवत होत्या, की पुढारी काही वेळेवर मरत नाहीत, अस्वल तरी मेलं."

कानसेन शिंप्याच्या उंबऱ्यावर बसला, लगेच उठला, पुन्हा बसला. त्याला 'ती जिवंत आहे' एवढंच म्हणायचं होतं, पण तोंडातून नुसतं 'त... त...' बाहेर पडलं. शिंपी म्हणाला, "पाणी देऊ का?" कानसेननं मान हलवली आणि खोका खांद्याला मारून घळीच्या दिशेनं पळत सुटला. शिंप्यानं त्याला पळताना अनेकदा पाहिलं होतं, पण नेहमी उलट्या दिशेनं.

घळीच्या तोंडाशी तो थांबला. इथपर्यंत पाय आपोआप आले होते, इथून पुढे येईनात. समोर पांढरे गोटे, दोन्हीकडे कडे, कड्यांवरून लोंबणारे वेल, आणि आत सकाळचंही ऊन पोचत नाही अशी सावली. हाक मारावी? बायको हाकेला कधी गुपचूप आलेली नाही. ती आधी "काय?" म्हणून ओरडणार, मग "कशाला?" म्हणून ओरडणार, आणि ते ऐकू न आल्यामुळे वहिनी "काय म्हणतायत?" म्हणून त्याहून मोठ्यानं ओरडणार. हाक मारणं म्हणजे अस्वलिणीच्या दारावर थाप मारणं.

त्यानं हेडफोन चढवला. टक्. टक्. टक्. एकसारखा. बसलीये. ठोका डोलला नाही तोवर पाऊल टाकायचं, असं त्यानं पायांना बजावलं, आणि पायांनी कुरकुरत ऐकलं.

पन्नास पावलं. ठोका मोठा झाला, त्यानं आवाजाची कळ खाली आणली. आणखी पन्नास. पुन्हा खाली. घामानं हेडफोन कानांवरून घसरत होता. थंडीत! त्याला आपल्याच नाडीचे ठोके ऐकू यायला लागले, आणि कुठले आपले, कुठले तिचे, ते कळेना. वळणाशी आला तेव्हा कळ अगदी शेवटच्या खुणेवर होती, तरी ठोका कानात हातोडीसारखा बसत होता.

बाईंनी एक शेवटची परीक्षा शिकवली होती. अँटेनाची वायर काढून टाकायची. वायर काढल्यावर ठोका बंद पडला तर ठीक. वायर काढूनही येत राहिला, तर अस्वल तीसएक पावलांवर आहे असं समजायचं, आणि पळायचं नाही. दोन वर्षांत कानसेनला ही परीक्षा करायची वेळ आली नव्हती. तशी वेळ येऊ न देणं हीच त्याची नोकरी होती.

त्यानं वायर काढली.

टक्. टक्. टक्.

आणि त्याच क्षणी वळणापलीकडून वहिनीचा आवाज आला. "अगं, हा बघ, हा किती लांब आहे! सवतीनं काय जपून ठेवलाय बघ आपल्यासाठी!"

दोघी तिथेच होत्या. ओढ्याच्या मधोमध, कापलेल्या वेलांचा हा एवढा भारा पायाशी. बायको पाठमोरी, विळा चालवत. वहिनी एका गोट्यावर बसून वेलाची पानं खुडत, तोंड चालू. आणि त्यांच्या पलीकडे, हाकेच्या नव्हे तर कुजबुजीच्या अंतरावर, दोन मोठ्या शिळा एकमेकींना टेकलेल्या. मध्ये काळी फट. फटीच्या तोंडाशी पालापाचोळा दाबून चपटा झालेला.

कानसेन चवड्यांवर पुढे गेला. बायकोच्या पाठीशी पोचला आणि तिच्या तोंडावर हात ठेवला. आता इथे हे सांगायला हवं, की लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि हे धाडस त्यानं पहिल्यांदाच केलं. बायकोनं विळा उचललाच होता. वळून बघते तो नवरा, तोंड पांढरंफटक, ओठ हलतायत पण आवाज नाही.

त्यानं हेडफोन काढला आणि तिच्या कानांवर चढवला.

बायकोनं भुवया आवळल्या. ऐकलं. टक्. टक्. टक्. तिचे डोळे हळूहळू मोठे झाले. तिनं त्याच्या हातातल्या सुट्या वायरीकडे पाहिलं, मग त्याच्या नजरेच्या रोखानं शिळांकडे. तिला काही विचारावं लागलं नाही. तिनं विळा अलगद खाली ठेवला, जणू तो काचेचा होता.

"अगं थांबलीस का?" वहिनी म्हणाली. "आणि भाऊजी तुम्ही इथे कसे? या, या! बघा तुमच्या अस्वलाची जहागीर!"

कानसेननं ओठांवर बोट ठेवलं. वहिनी म्हणाली, "दात दुखतोय का?"

शिळांच्या फटीतून आवाज आला. फुस्स. मोठ्या भात्यानं एकदाच हवा सोडावी तसा. मग दातांवर दात आपटल्याचा, टाळी वाजवल्यासारखा. कानसेनला तो हेडफोनशिवाय आला, कानांतून नव्हे तर दाढांतून आला. बायकोलाही आला. तिनं त्याचा दंड असा धरला, की नखांचे व्रण पुढे आठवडाभर राहिले. वहिनीला काही आला नाही. ती वेल सोलत राहिली.

"उठा," कानसेन म्हणाला. आवाज निघालाच नाही.

बायको दोन पावलांत वहिनीपाशी गेली आणि तिला काखेत हात घालून उभं केलं. "अगं, भारा! भारा राहिला ना! एवढा चांगला वेल टाकून..." वहिनी मोठ्यानं म्हणाली, आणि भाऱ्यासाठी वाकली. वाकताना तिची नजर शिळांकडे गेली.

फटीतून डोकं बाहेर आलं होतं. काळं, केसाळ, नाकपुड्या ओल्या. गळ्यात पट्टा, त्यावर मातकट पांढरा पाच. बारीक डोळे वहिनीकडे लागलेले.

आयुष्यात पहिल्यांदा वहिनी गप्प झाली.

पळायचं नाही. एवढं एकच वाक्य कानसेनच्या डोक्यात शिल्लक होतं, बाकी सगळं पुसलं गेलं होतं. त्यानं दोघींना आपल्या मागे ओढलं. शौर्यानं नव्हे, त्याला कुणाचा तरी हात धरायचा होता आणि दोन्ही हातांत एकेक आला. तो मागे सरकायला लागला. एक पाऊल. गोटा खडखडला. अस्वलीण खांद्यापर्यंत बाहेर आली. पुन्हा ते फुस्स. तिचा श्वास त्यांना दिसला, थंडीत पांढरा. दुसरं पाऊल. बायकोनं मागं न बघता टाचेनं वाट चाचपडली. तिसरं.

तेवढ्यात आतून आवाज आला, बारीक, चिंचिं, ओल्या काचेवर बोट घासल्यासारखा. आणि त्यात मिसळून दुसरा, जरा खालच्या पट्टीतला. दोन आहेत, कानसेनच्या कानांनी त्याच्या परवानगीशिवाय नोंद केली. अस्वलिणीनं मान वळवली. क्षणभर ती अर्धी आत, अर्धी बाहेर राहिली. मग पुन्हा या तिघांकडे पाहिलं, नीट, वेळ घेऊन, आणि मागच्या मागे फटीत शिरली.

वळण ओलांडेपर्यंत तिघं पाठमोरे चालले. नंतर कुणी आधी पळायला सुरुवात केली यावरून घरात आजही एकमत नाही.

डॉक्टरबाई दुपारी पोचल्या. कानसेननं सगळं सांगितलं, नियम मोडल्याचंही. नोकरी जाणार असं तो धरूनच चालला होता. बाई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "माझंही चुकलं. नियमात वहिनींचा विचार केला नव्हता." मग गंभीर झाल्या. "पण आता काय करायचं? जंगलखात्याला कळवलंय. कुंपण आणि रखवालदार यायला आठ दिवस लागतील. तोवर गावाला सांगा, ती जिवंत आहे."

सांगितलं की! कानसेननं न्हाव्याला सांगितलं, शिंप्याला सांगितलं, पिठाच्या गिरणीत सांगितलं. कुणी विश्वास ठेवेना. मेल्याची बातमी गावाला आवडली होती, ती सोडायला कुणी तयार नव्हतं. शिवाय बायकोला घळीतून रिकाम्या हातानं परतताना कुणी पाहिलं नव्हतं, पण घळीकडे जाताना सगळ्यांनी पाहिलं होतं. "वेल एकट्यालाच पाहिजे म्हणून अस्वल जिवंत केलंय कानसेननं," असं गिरणीत ठरलं. वहिनीनं साक्ष द्यायचा प्रयत्न केला, पण तिच्या प्रत्येक सांगण्यात अस्वल वीतभर उंच होत गेलं, आणि झाडाएवढं झाल्यावर साक्ष निकालात निघाली.

तेव्हा राहिला एकच उपाय. दुसऱ्या दिवशी सकाळी कानसेन खोका घेऊन घळीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. संध्याकाळपर्यंत उभा राहिला. गावातल्या सगळ्यांत भित्र्या माणसाला, दोन वर्षं ज्या जागेकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही, त्या जागेच्या दारात आठ दिवस उभं राहायचं होतं. गेलेला प्रत्येक क्षण त्याला मोजता येत होता; तो मोजायलाच शिकला होता. दुपारनंतर कधीतरी ठोका टकटकटकटक व्हायचा, मेल्याचा ठोका, आणि तो ऐकून कानसेनच्या जिवात जीव यायचा: म्हणजे ती झोपलीये, पिल्लांना घेऊन, गेले सहा तास. सावकाश झाला की तोंडचं पाणी पळायचं.

तिसऱ्या दिवशी बायको आली. एक स्टूल, अर्धवट टोपली आणि रस्त्याकडेच्या फुटक्या वेलाची मोळी घेऊन. त्याच्याशेजारी स्टूल मांडून बसली आणि विणायला लागली.

"तू कशाला आलीस?"

"तुम्ही कुणाला 'जाऊ नका' म्हणालात तर तो जाईलच. म्हणून."

चौथ्या दिवशी लाकूडतोड्या आला, कुऱ्हाड खांद्यावर, बरोबर दोघं.

"काय कानसेन, मेलेल्या अस्वलाची राखण का?"

"नाही... म्हणजे ती... आत... पिल्लं..." कानसेनची बोबडी वळली.

"बाजूला व्हा."

"जा की," बायको विणता विणता म्हणाली. वर बघितलंसुद्धा नाही. "मागच्या वेळी खांब तरी होता. आत खांब नाहीये, आधीच सांगते. आणि मागच्या वेळी खाली अर्धं गाव जमलं होतं ना, तुम्ही घाबरून काय काय ओरडत होतात ते मला अजून पाठ आहे. म्हणून दाखवू यांना? यांना ठाऊक नसेल."

लाकूडतोड्याच्या बरोबरचे दोघं त्याच्याकडे बघायला लागले. "काय ओरडला होता रे?" एकानं विचारलं.

"चला," लाकूडतोड्या म्हणाला. "इथलं लाकूड तसंही किडकं आहे."

ते वळणावर दिसेनासे झाले तोच कानसेनच्या कानात ठोका डोलायला लागला. मोठा, बारीक, मोठा. त्यानं बायकोच्या हाताला बोट लावलं.

"उठली?" तिनं आवाज खाली आणला.

"उठली."

"इकडे येतेय?"

कानसेननं श्वास धरून ऐकलं. "कळत नाही."

बायकोनं टोपलीत वेल खुपसला, तो कटकन मोडला, तिनं शिवी गिळली आणि दुसरा घेतला. उठली मात्र नाही. कानसेनही हलला नाही. त्याचे गुडघे एकमेकांवर आपटत होते, आणि त्याला तेही ऐकू येत होतं.